एकटीच्या सहीवर

दयानं शिवणयंत्राचं चाक हलकेच फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. आवाज जवळजवळ नव्हताच.

“हेच द्या,” ती म्हणाली.

राधाकृष्ण शेठ यंत्रावरची धूळ फडक्यानं पुसत राहिले. तिच्याकडे बघेनात.

“बाई, जामीन दुसरा आणावा लागेल.”

“योसेफ मास्तर राहताहेत ना. रविवारी चर्चबाहेर त्यांनी शब्द दिलाय.”

“मास्तर सकाळीच येऊन गेले.” शेठ अवघडले. “म्हणाले, माझ्या भरवशावर देऊ नका. जूनमध्ये शाळा दयाबाईंना ठेवते की नाही कुणास ठाऊक. उद्या हप्ते थकले तर माझ्या गळ्यात यायचं. तुमच्या कानावर घालू नका, असंही म्हणाले.”

दयाचा हात चाकावरच राहिला. नोकरीची ती धास्ती तिनं एकट्या मास्तरांपाशी बोलून दाखवली होती. नोकरी गेली तर पोट कशावर भरायचं, म्हणून तर हे यंत्र. नवरा गेला तेव्हा मास्तर कबरीपाशी म्हणाले होते, आजपासून तू माझी धाकटी बहीण. गेल्या नाताळात याच दुकानातून त्यांनी हप्त्यावर सायकल घेतली, तेव्हा जामीन म्हणून तिनं वर्गातून उठून येऊन सही केली होती. बोटांचा खडूही झटकला नव्हता.

“जामिनाशिवाय काही होतं का?” तिनं विचारलं.

“आमच्या दुकानाचं उधारीचं कार्ड आहे, ते घेणाऱ्याच्या एकट्याच्या सहीवर मिळतं. पण ते महाग पडतं. अन् लागोपाठ दोन हप्ते चुकले की यंत्र आम्ही उचलून आणतो. भरलेले पैसे परत मिळत नाहीत.”

“सगळं वाचून दाखवा. बारीक अक्षरातलंसुद्धा.”

शेठनी वाचलं. दोन ठिकाणी तिनं थांबवलं, अर्थ विचारला. मग पेन मागितलं.

पंधरवड्यानंतर मास्तरांची बायको मेरी पोलक्याचं कापड घेऊन आली. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. यंत्राभोवती कौतुकानं फिरली.

“चांगलं झालं बाई. हे म्हणालेच, दयासाठी मी जामीन राहिलो म्हणून. आता आमच्याकडून शिलाई घेशील होय?”

दयानं टेप गळ्याभोवती टाकला, परत काढला.

“शिलाई घेईन, मेरीवहिनी.”

“का गं?”

“जामीन कुणीच नाही. कार्ड माझ्या एकटीच्या नावावर आहे. मास्तर दुकानात जाऊन नको म्हणून सांगून आले.”

मेरी तिच्याकडे बघत राहिली. मास्तर असं करणार नाहीत, असं ती म्हणेल, म्हणून दया थांबली.  पण मेरीनं पदर सारखा करून मापासाठी आपणहून हात बाजूला धरले. दयानं छातीचं माप घेतलं, बाहीचं घेतलं, कागदावर लिहिलं.

“दया,” मेरी खालच्या आवाजात म्हणाली, “माझा पगार झाला की थेट ह्यांच्या हातात जातो. ते कार्ड नवऱ्याच्या सहीशिवाय मिळतं का गं?”

दया टेप गुंडाळायची थांबली.

“बसा वहिनी,” ती म्हणाली. “त्यात काय काय लिहिलंय ते सांगते.”