आपला पेपर

"बाई, उद्यापासून हा पेपर बंद," वस्तीच्या वाचनालयाचे अध्यक्ष रुपराव दारातूनच म्हणाले. "आपला नाही तो."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी इथे पोरांकडून पेपर मोठ्याने वाचून घेते. सहावीतली प्रीती वाचत होती. आमच्या वस्तीत नळाला गढूळ पाणी येते, मुले आजारी पडली, अशी ती बातमी. त्यात दवाखान्यात असलेल्या तिच्या धाकट्या भावाचे नाव होते.

याच आठवड्यात पोरांना शिकवले होते, 'आमचा' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपला' म्हटले की तोही आत येतो. प्रीतीने बोट ओळीवर तसेच ठेवले.

"काका, आपला म्हणजे सगळ्यांचा ना? मंग हा काहून नाही?"

"मोठ्यांच्या मधात बोलू नको वं."

"पण तुमीच तं चालू केला होता. म्हणत होते, हाच एक आपला, बाकी सारे विकले गेले."

"तवाची गोष्ट वेगळी होती."

"मंग पेपर बदलला का?"

कोपऱ्यातले म्हातारे नत्थू खो-खो हसले. "पेपर जागेवरच हाय गा रुपराव. तुझेच आमदारसाहेब उठून दुसऱ्या पंगतीत बसले. आता ते विकलेले पेपर तुले आपले वाटून राहिले!"

रुपराव माझ्यावर उखडले. "बाई, तुमी पोराइले राजकारण शिकवून राहिल्या!"

पोरांवर मी कधी आवाज चढवला नाही. त्या सकाळी मात्र तो चढला.

"व्याकरण शिकवते, रुपराव! बातमी वाचलीत तुम्ही? एक ओळ तरी? साहेबांनी पक्ष बदलला तेव्हा तुमच्या नळाचं पाणी स्वच्छ झालं का?"

रुपरावांनी खिशातून किल्ली काढली.

"सारे बाहेर व्हा. वाचनालय आमचं हाय."

प्रीतीने माझ्याकडे पाहिले. "बाई, 'आमचं' म्हणाले."

"बरोबर ऐकलंस."

कुलूप लागले. समोरच्या नळावर बायका घागरी-गुंड घेऊन उभ्या होत्या. पेपर प्रीतीच्या हातातच होता.

"तिथं चल," मी म्हणाले, "आणि पहिल्या ओळीपासून वाच. रुपरावांच्या घरात ऐकू गेलं पाहिजे."