फुटलेल्या काचेचा फोटो

नागोरावांनी प्रयोगशाळेतला, वाफ थंड करायचा काचेचा कंडेन्सर खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि बोटांत सावकाश फिरवला. एक पूर्ण फेरा. मग उलट्या बाजूने दुसरा.

"बघ बरं," ते म्हणाले. "कुठं जोडलंय, सांग."

ज्ञानेश्वरीने मोबाइल बाजूला ठेवून काच हातात घेतली. पाण्याची रबरी नळी ज्यावर चढवतात ते बारीकसं नाक काल तुटून वेगळं पडलं होतं. तिने स्वतः पाहिलं होतं. आता नखाने चाचपूनसुद्धा जोड सापडत नव्हता.

"नाही सांगता येत, मामा."

"मग झालं की," सासरे म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

"तीच तर अडचण आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली.

सात महिन्यांपूर्वी तिने दुकानाची वेबसाइट तयार केली होती. ती नोकरी करत होती ती प्रयोगशाळा गुजरातेत दहेजला हलली, तिचा नवरा जितेश अणुवीज केंद्रात कामाला असल्यामुळे ती सरावलीतच राहिली, आणि हातात वेळ आला. नागोराव ग्लास वर्क्स म्हणजे घराची पुढची खोली, एक बर्नर, एक छोटी भट्टी आणि नागोराव. काचकामाची नोकरी होती ती कंपनी बंद पडल्यापासून तारापूरच्या कारखान्यांतल्या प्रयोगशाळांची मोडकी काच ते जोडून देत. अलीकडे कारखाने नवीन मागवतात, त्यामुळे बर्नर आठवड्यातून दोनदा पेटे. उरलेले दिवस नागोराव पेटीतली हत्यारं काढून पुसत आणि परत ठेवून देत. दिवाळीनंतर ऑक्सिजनचे सिलिंडर परत करावेत, असं ते दोनदा बोलले होते. वेबसाइटवर आठवड्याला अकरा माणसं यायची. त्यातली चार ती स्वतः.

"आपल्या फोटोंत नुसती चांगली काच दिसते," ती म्हणाली. "नव्या काचेची दुकानं शेकड्याने आहेत. बघणाऱ्याला फरक काय कळणार?"

"फरक कळला तर मग काम कसलं?"

"म्हणून फुटलेलं दाखवायचं. आधी असं होतं, नंतर असं झालं."

नागोरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. दुकानाला दोन दारं होती. पुढच्या दाराने कारखान्यांची काच रीतसर चलनासकट यायची. मागच्या दाराने, न्हाणीच्या बाजूने, लॅबमधली मुलं-मुली यायची, डब्याच्या पिशवीत नाहीतर ओढणीत काहीतरी गुंडाळून. साहेबांना कळायच्या आत वस्तू परत जागेवर गेलेली असायची. नागोराव त्यांचं नाव विचारत नसत. जोडलेली वस्तू वर्तमानपत्रात बांधायची आणि त्यावर फक्त तारीख लिहायची.

"ज्याचं फुटलं त्याला इचारलंस का?" ते म्हणाले.

"नाव कुठे येणार आहे त्यात? नुसती काच."

त्यांनी बर्नर पेटवला. ज्योतीच्या आवाजात पुढचं बोलणं तसंही ऐकू आलं नसतं. ज्ञानेश्वरीने तो होकार धरला. तुटलेल्या नाकाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये कालपासूनच होता.

ती प्रयोगशाळेत करायची तसंच करत गेली. एका वेळी एकच बदल करायचा आणि परिणाम वहीत टिपायचा. पहिल्या आठवड्यात फोटोंची जोडी टाकली. दुसऱ्या आठवड्यात आपण लिहिलेला भारदस्त इंग्रजी मजकूर काढला आणि माणसं फोनवर विचारतात तसं सरळ लिहिलं: कंडेन्सरचं नाक तुटलं, जोडून मिळेल का? फ्लास्कला तडा गेला, टाकून द्यायचा का? प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळींचं उत्तर. वहीत आकडे आले: अकरा, अडतीस, एकशे चौसष्ट. महाडच्या एका कॉलेजातून फोन आला. नाशिकच्या एका औषधवाल्याने कापसात गुंडाळलेली काच पेटीतून पाठवली. बर्नर रोज पेटू लागला.

"आधी ताट वाढायच्या आत येऊन बसायचे," सासूबाई मैनाबाई म्हणाल्या. "आता तीन हाका मारायलेय, तरी येतात का बघ."

सिलिंडर परत करायची गोष्ट कुणी काढली नाही.

रुचिता आली ती मंगळवारी, पहिली पाळी सुटल्यावर, मागच्या दाराने. तीन आठवड्यांपूर्वी कंडेन्सर घेऊन आलेली तीच मुलगी. या वेळी तिच्या हातात फक्त मोबाइल होता.

"ताई, हा फोटो काढून टाका ना."

"कुठला?"

तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. तुटलेलं नाक, त्याच्या कडा, आणि खाली काचेवर हिऱ्याच्या पेन्सिलीने कोरलेली फिकट अक्षरं. क्यूसी चौदा.

"आमच्या लॅबचा नंबर हाय तो," रुचिता म्हणाली. "दुपारी घरत सरांनी मला केबिनमधी बोलवलं. हाच फोटो पुढं केला. बोलले, सरावलीतलं हे दुकान नक्की कुठं हाय, तुला ठाऊक हाय का? मी बोलली, नाय ठाऊक."

"मग?"

"मग काय नाय. नुसते फोटोकडं बघत बसले. मी उभीच. मग बोलले, जा."

ज्ञानेश्वरीने मोबाइल हातात घेतला. काचेवर लिहिलेलं वाचायचं हे तिचं नऊ वर्षांचं काम होतं. हे तिने वाचलं नव्हतं.

"तुझं नाव कुठेच नाही त्यात," ती म्हणाली.

"त्या दिवशी कंडेन्सरवर कोण होता ते सरांना ठाऊक हाय. मीच होती." रुचिताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमी कंत्राटावर, ताई. माझी एक फुटलेली आधीच रजिस्टरात हाय. दुसरी लिवली का घरी. आय बोलते, एवडं काय घाबरतेस, आमच्या होड्या फुटतात तरी कोन नोकरीवरनं काडत नाय. तिला काय सांगू?"

ज्ञानेश्वरीला हसू आलं नाही. तिने उभ्याउभ्या फोटो वेबसाइटवरून काढला, मग इंटरनेटवर शोधून पाहिलं. दुकानाच्या नावाखाली तो छोट्या चौकोनात अजून होता.

"काढला ना?"

"आपल्याकडून काढला. शोधल्यावर मात्र अजून दिसतोय. तिथूनही काढा, अशी विनंती पाठवते आत्ताच. दोन-चार दिवस लागतील."

"दोन-चार दिवस?" रुचिता म्हणाली. घरी जायची एडवणची बस चुकेल म्हणून ती आपला फोन नंबर देऊन लगेच निघाली.

नागोराव बर्नरसमोर होते. ज्ञानेश्वरीने सगळं सांगितलं. ते हातातली नळी फिरवत राहिले, ती लाल झाली, ओढली गेली, बंद झाली. मग त्यांनी ज्योत बारीक केली.

"मी नंबर बघितलाच नाही, मामा."

"मी बघितला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. ज्याचं फुटलं त्याला इचार म्हनलो."

नागोरावांनी नळी भट्टीत ठेवली आणि दार लावलं. रात्रभर ती हळूहळू थंड होणार होती. घाईने बाहेर काढली तर सकाळी आपोआप तडकते.

पुढचे दोन दिवस ज्ञानेश्वरी दर तासाला शोधून पाहत होती. छोटा चौकोन तिथेच होता. वेबसाइटवर येणाऱ्यांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, तो तिने वहीत लिहिला नाही. सात महिने ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि आता ती जिना चढताना, भाकरी थापताना, मनातल्या मनात एक वाक्य घोटत होती: तो कंडेन्सर आम्ही भंगारवाल्याकडून घेतला. आयुष्यात तिने एकही खोटं निरीक्षण नोंदवलं नव्हतं. वाक्य दर वेळी अर्ध्यातच अडायचं.

गुरुवारी चारच्या सुमारास पिठाच्या गिरणीजवळ एक गाडी थांबली. पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले, पाट्या वाचत वाचत पुढच्या दाराशी आले. काखेत कापडी पिशवी. गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी शर्टाच्या खिशात कोंबलं होतं, पण नाव बाहेर राहिलं होतं. वामन घरत.

"नागोराव ग्लास वर्क्स हेच ना?"

"हो," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तो फोटो आम्ही काढून टाकलाय. तो कंडेन्सर आम्ही भंगार..."

"ते राहू द्या," घरत म्हणाले. त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मागच्या बाजूने येता येतं का? आमच्या कंपनीची बस आता इथूनच जाईल."

मग घराला वळसा घालून तिने त्यांना न्हाणीकडच्या दाराशी आणलं.

घरतांनी चप्पल काढली आणि पिशवी जपून ओट्यावर ठेवली. आतून टॉवेलची गुंडाळी निघाली. टॉवेलमध्ये अर्क काढायचं लांबट काचेचं भांडं होतं, आणि सुटी पडलेली, वाकडी, पेन्सिलीएवढी नळी.

"माझ्याच हातून," ते म्हणाले. "सकाळी. पोरं चहाला गेली होती. म्हटलं, आज आपण धुऊ या. वीस वर्षं मी त्यांना सांगतोय, ही नळी धरून उचलू नका."

नागोराव आतून आले. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सारला आणि काचेकडे न बघता आधी माणसाकडे पाहिलं.

"वामन का रे?"

घरतांचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. "ओळखलंत?"

"फ्लास्कची मान मोडली होतीस. जुन्या कंपनीत. रडत आला होतास क्वार्टरवर."

"रडत नव्हतो हो."

"बरं, नव्हतास." नागोरावांनी तुटलेली नळी उचलून कडा पाहिल्या. "सरळ मोडलीय. बरं झालं."

"कंपनी बंद झाल्यावर तुम्ही नांदेडला गेलात, असं ऐकलं होतं मी," घरत म्हणाले. "परवा दुसरंच काहीतरी शोधत होतो आणि तो फोटो आला. आधीचा आणि नंतरचा. नंतरच्यात मी जोड शोधत बसलो. सापडेचना. तेव्हा वाटलं, हा हात दुसऱ्या कुणाचा नसणार. एका मुलीला विचारलं दुकान कुठे आहे, तर ती पांढरीफटक पडली. तेव्हापासून माझ्याकडे बघतच नाही."

ज्ञानेश्वरीने ओट्याचा काठ धरला.

"त्या काचेवर नंबर होता," ती म्हणाली. भंगारवाला तिच्या वाक्यातून निघून गेला होता.

"होता," घरत म्हणाले. "रजिस्टर बघितलं मी. क्यूसी चौदा कधी फुटलेला नाही." त्यांनी टॉवेलची घडी घातली, मग पुन्हा एकदा घातली. "हेसुद्धा फुटलेलं नाही."

"नाही," नागोराव म्हणाले.

"शनिवारपर्यंत?"

"उद्या दुपारी ये. रात्रभर भट्टीत राहू दे."

घरत दारापर्यंत गेले आणि थांबले. "ताई, ह्याचा फोटो मात्र..."

"नाही काढणार," ज्ञानेश्वरी म्हणाली.

ते गेल्यावर तिने रुचिताला लिहिलं: काळजी करू नकोस, रजिस्टरात काहीही नाही, खात्रीने सांगते. त्यापुढे टॉवेलबद्दल एक ओळ लिहिली. वाचली आणि पुसून टाकली. रुचिताचं उत्तर लगेच आलं: खरंच? तुमाला कोन बोललं? ज्ञानेश्वरीने मोबाइल पालथा ठेवला. थोड्या वेळाने तो पुन्हा वाजला. आय उद्या सुके बोंबील पाठवते बोलली. तेव्हा मात्र ती हसली. तिला जाणवलं की मंगळवारपासून तिचे खांदे वर ओढलेले होते. ते आता खाली आले.

तिने वही उघडली. फोटोंची जोडी काढून टाकली, असं लिहिलं, तारीख घातली. परिणामाच्या रकान्यात अजून काही नव्हतं, पण तिथे काय येणार ते तिला माहीत होतं. नुसत्या चांगल्या काचेकडे कोणी थांबून पाहत नाही.

"आकडा उतरेल का आता?" नागोरावांनी विचारलं. ते तिच्या मागे येऊन उभे होते.

"थोडा उतरेल. मजकूर आहे अजून. बघू."

ते फडताळाकडे गेले. वरच्या खणात, वर्तमानपत्रावर, एक कंडेन्सर आडवा ठेवलेला होता. त्याच्या आत काचेचं वेटोळं होतं, तेरा फेऱ्यांचं, एकसारखं. जुन्या कंपनीत नोकरीला लागताना परीक्षा म्हणून त्यांनी तो बनवला होता. सदतीस वर्षांत विकला नव्हता. मैनाबाईसुद्धा त्यावरची धूळ फुंकरीनेच उडवत. त्यावर कुठलाही नंबर नव्हता.

नागोरावांनी तो उजेडात फिरवला, एक पूर्ण फेरा. मग ओट्याच्या कडेवर त्याचं नाक टेकवलं आणि पक्कडीने टक् करून मारलं. तुकडा फरशीवर पडला, घरंगळला आणि ज्ञानेश्वरीच्या पायाशी थांबला.

"मामा!"

"काढ आता फोटो," ते म्हणाले. "हे माझं हाय. उद्या जोडतोच की."

ज्ञानेश्वरीने खाली वाकून तुकडा उचलला. तो खिडकीपाशी उजेडात नेऊन ठेवला आणि मोबाइल उचलला.

स्वयंपाकघरातून मैनाबाईंचा आवाज आला. "काय फुटलं हो?"

"कुठं काय," नागोराव म्हणाले. "काही नाही."