दोन दातांमधली फट

"सफरचंद खाऊन बघितलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अख्खं," खुर्चीत आडवे झालेले आमचे हे म्हणाले.

"दुखतं? बोलताना अडतं?"

"छे! फर्स्ट क्लास."

"म्हणजे तुम्ही समाधानी."

"एकदम."

"अजिबात नाही," कोपऱ्यातल्या स्टुलावरून मी म्हटलं. ह्यांनी डोळे वटारले. वटारू देत.

आमचे हे सुतार. तीन वर्षांपूर्वी कामावर एक फळी निसटली आणि थेट तोंडावर बसली. वरचे पुढचे दोन्ही दात गेले. मग काढायचे-घालायचे दात आले. ते एकदा शिंकेसरशी सरसाच्या डब्यात पडले, आणि त्या दिवसापासून हा माणूस तोंडावर हात ठेवून हसायला लागला. शेवटी लेकीने हट्टाने इथे आणलं. हाडात स्क्रू, स्क्रूवर दात. ते ऐकून हे डॉक्टरीणबाईंना म्हणाले होते, "आधी भोक, मग स्क्रू, मग धरेपर्यंत हात लावायचा नाही. बरोबर आहे तुमचं." ह्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी तरी ऐकलेली नाही.

स्क्रू धरले, त्यांवर तात्पुरते दात बसले. अगदी एकमेकांना खेटून. लेक खूश, शेजारीण खूश. हे मक्याचं कणीस दाताने ओरबाडून खायला लागले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तरी संध्याकाळ झाली की माझे कान रस्त्याकडे.

लग्न झाल्यापासून हे गल्लीच्या कोपऱ्यावर आले की शीळ घालायचे. पुढच्या दोन दातांमध्ये फट होती, तिच्यातून. ती ऐकली की मी चहा टाकायचे. हे दारात यायला आणि चहा उकळायला एकच गाठ पडायची. दात गेले तसे मुक्याने यायला लागले. नवे दात आल्यावर परवा मीच म्हटलं, "घाला की शीळ!" ह्यांनी गाल फुगवले. नुसतीच हवा. "जाऊ दे गं, आता काय वय आहे का?" म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला रडूच आलं.

"मग काय कमी आहे?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"फट."

"अहो, लोक माझ्याकडे फट बुजवायला येतात!"

"येऊ देत. आमची आम्हाला परत द्या."

त्या हसल्या. "पक्के दात अजून करायचेत, तेव्हा ठेवता येईल. पण केवढी होती?"

हे ताडकन उठून बसले. "पॉलिश पेपरची दुहेरी घडी जाईल एवढी. खाली किंचित जास्त."

म्हणजे ह्यांनाही हवीच होती! मग तोंडाने सांगायला काय झालं होतं मेलं?

पक्के दात बसले. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले. संध्याकाळी मी ओट्याशी उभी होते आणि कोपऱ्यावरून शीळ आली. जरा फाटकी, मध्येच फुसफुसणारी, पण शेवटी तश्शीच वर चढणारी. मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. डोळ्यांपुढचा गॅस दिसेना.

"चहा कुठाय?" हे दारातून म्हणाले.

"कशाचा चहा? शीळ ऐकूच आली नाही."

"बहिरी झालीस का? एवढी मोठी घातली!"

"नाही आली."

ह्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग हत्यारांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली, काढलेल्या चपला परत पायात घातल्या आणि कोपऱ्याकडे चालू लागले.