ठणठणीत कान

“हात कामाला असतात, पसरायला नसतात.”

हा आवाज तिच्या लहानपणातून यायचा. वाटीभर साखर मागायला ती शेजारच्या दारात उभी होती, आणि पाठीमागून बाबांनी तो असा लावला की शेजारणीच्या हातातली साखर सांडली, समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. बाबा चिडले नव्हते. त्यांचं बोलणंच तसं. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस; तो कुजबुजला तरी चार घरांना ऐकू जाई. पण ते वाक्य पोरीच्या मनात गाठ मारून बसलं ते बसलंच. आता तिचेच केस पिकायला लागले होते. दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवण्याचं काम करता करता बोटं प्लास्टरनं कायमची पांढुरकी झाली होती. तरी आईबाबांच्या टेबलावर कागद मांडताना तिला वाटे, आत्ता पाठीमागून तो आवाज येणार.

आवाज आलाच. “मागायला जायचं नाही.”

“तुम्ही कुठं जाताय? तुम्ही बसा,” आई म्हणाली. “हात नका पसरू. आम्ही कागद पसरतो.”

निवृत्त कामगारांना सल्ला देणारं एक केंद्र होतं. तिथल्या गोल चष्म्याच्या सल्लागार बाईंनी लेकीला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं होतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि सरकार काही आई नव्हे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या मते या घराला तीन गोष्टी मिळण्यासारख्या होत्या. लेकीच्या जन्माआधी आई त्याच गिरणीत बॉबिनींवर सूत भरायची, त्या वर्षांच्या कामाची तिची स्वतःची छोटी पेन्शन. म्हाताऱ्या भाडेकरूंना मिळणारी घरभाड्याची सवलत. आणि तिसरी, सगळ्यांत मोठी: मागखात्यात काम करून ज्यांचे कान गेले, त्यांना दरमहा भत्ता आणि कानयंत्र.

पहिल्या दोन गोष्टींनी भाड्याचं ओझं जरा हलकं झालं असतं. तिसरी मिळाली तर आईची सुई सुटणार होती. आई अजून शिंप्यांच्या दुकानांसाठी कपडे रफू करायची. सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळे, आणि कोणी पाहिलं तर ती म्हणे, कांदा चिरला होता. ज्या घरात रोज एवढा कांदा चिरला जातो त्या घरात आमटी कधी दिसत नाही, असं लेक म्हणायची. आई हसून सुई दुसऱ्या हातात घ्यायची.

पेन्शनला बाबा कुरकुरत तयार झाले. तुझे कष्ट, तुझे पैसे, म्हणाले. सवलतीवरही सही केली. तिसऱ्या गोष्टीला मात्र त्यांनी खुर्ची मागे सारली.

“माझे कान ठणठणीत आहेत. मुंगी शिंकली तरी कळतं मला.”

लेकीनं समजावलं, आर्जव केलं, अबोला धरला. बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं हा तर घरातला जुना विनोद. पण म्हाताऱ्या माणसाला थोडं कमी ऐकू येणारच आणि भत्त्याला तेवढं पुरेल, असा तिचा हिशेब. आई या वादात कुठल्याच बाजूनं बोलली नाही. ती नेहमीप्रमाणे बाबांच्या बरोब्बर समोर बसली होती, खिडकीचा उजेड तोंडावर घेऊन.

शेवटी बाबा तपासणीला आले ते केवळ लेकीचं तोंड बंद करायला. काचेची खिडकी असलेली ती लहानशी खोली, कानांवर जाड हेडफोन, हातात एक बटण. बारीक शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. कान तपासणारी काचेपलीकडे यंत्रापाशी बसली. मायलेकी बाहेरच्या बाकावर. थोड्या वेळानं तपासणारी बाहेर आली ती भुवया उंचावून. म्हणाली, मागखात्यातले इतके लोक तपासले, असे कान पाहिले नाहीत.

बाबा घरी आले ते किल्ला सर करून आल्यासारखे. रस्त्यात भेटेल त्याला थांबवून त्यांनी आपल्या कानांचं कौतुक ऐकवलं. आठवड्यानं भत्ता नाकारल्याचं पत्र आलं. आईनं ते वाचलं, घडी घालून ठेवलं, आणि उजेडाकडे सुई धरली. दोरा नेढ्याच्या बाजूनं तीनदा निसटला.

लेकीला कोडं सुटेना. ती पुन्हा सल्लागार बाईंकडे गेली. निकाल पटला नाही तर तपासणी परत करून घेता येते, एवढं त्यांनी सांगितलं. ते आईबाबांच्या कानावर घालायला ती कामावरून तशीच निघाली. घाईत तोंडावरची प्लास्टरच्या धुळीसाठीची पट्टीही काढायची राहिली.

दार बाबांनी उघडलं. बाबा, तपासणी परत होऊ शकते, ती म्हणाली.

“हो, हो. आत आहे. डोळ्यांत थेंब घालतेय.”

ती थबकली. आज जेवलात का, तिनं विचारलं. बाबा म्हणाले, नळ काल दुरुस्त केला, आता गळत नाही. आणि हसून तिच्या तोंडाकडे बघत राहिले, कुलूप लागलेल्या दुकानासमोर गिऱ्हाईक उभं राहतं तसे.

तिनं हळूच पट्टी खाली ओढली. तोच प्रश्न, त्याच आवाजात. बाबा तत्काळ म्हणाले, कधीच जेवलो, तुझं काय?

सबंध दिवस लोकांची तोंडं घडवणारी ती. आणि आपल्या बापाची नजर जन्मभर आपल्या तोंडावर आहे, हे तिला दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मागच्या जिन्यावर, वाळत घातलेल्या चादरींच्या आड, आईनं एकदाचं मन मोकळं केलं. मागखात्यात कुणालाच काही ऐकू येत नसे, ती म्हणाली. शेकडो माग एकदम चालले की जमीन थरथरायची, दात वाजायचे. तिथं बोलणं व्हायचं ते ओठांनी आणि बोटांनी. मुकादमाची टिंगल, घरचं रडगाणं, लग्नाची बोलणी, सगळं बिनआवाजाचं. बाया गाणीसुद्धा तशीच गायच्या:

धागा तुटला तुटला, गाठ बांधिते बोटानं
माझ्या मनीचं मी सांगे, मुक्या मुक्या गं ओठानं

“तुझ्या बाबांनी मला मागणी घातली ती चार माग पलीकडून,” आई म्हणाली. “मी हो म्हटलं तेसुद्धा तसंच. आवाज कसाय ते बाहेर फाटकाशी आल्यावर कळलं. म्हटलं, अरे देवा, हा तर भोंगाय. पण शब्द देऊन बसले होते.”

लेक हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग ती तपासणी?

आईनं चादरीचं टोक सारखं केलं. त्या बाईनं यंत्राची कळ दाबली की तिचा उजवा खांदा किंचित खाली जायचा, म्हणाली. जो माणूस भरधाव मागावरचा एक तुटलेला धागा दहा हातांवरून ओळखायचा, त्याला तो खांदा दिसणार नाही? घरी येऊन त्यांनीच सांगितलं, आणि वर शपथ घातली. त्यांचा एक सोबती होता. कान गेले हे कळताच त्याला मागावरून काढून झाडलोटीला लावलं. पोरंसोरं त्याला बहिरोबा म्हणून हाका मारायची, आणि त्या हाकाही बिचाऱ्याला ऐकू येत नव्हत्या. तेव्हापासून बाबांनी हे झाकलं. गिरणी सुटली, झाकायची सवय सुटली नाही. आणि आई समोर बसून, उजेड तोंडावर घेऊन, त्या झाकाझाकीला आपलाही हात लावत आली.

लेकीला आता वाट दिसत होती. तपासणाऱ्या बाईला आधीच एक शब्द सांगून ठेवला की झालं. पण बापाला असं पाठीमागून पकडणं तिच्या मनाला येईना. जे त्यांनी एवढं जपलं, ते त्यांच्याच हातून सुटायला हवं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्या टेबलाशी बसली. आई पाठमोरी, मोरीपाशी भांडी विसळत होती. लेकीनं बाबांकडे बघितलं, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले: आईनं शिवण सोडावं असं वाटतं ना तुम्हाला?

“वाटतं की,” बाबा म्हणाले. “रोज वाटतं.”

मोरीपाशी भांड्यांचा आवाज थांबला. आईनं वळून विचारलं, “अहो, काय रोज वाटतं? ती तर काही बोललीच नाही.”

बाबांनी बायकोचा गोंधळलेला चेहरा पाहिला. मग लेकीचा. लेक खाली बघत नव्हती, हसतही नव्हती. त्यांनी टेबलावरचा एक डाग अंगठ्यानं घासला. मग उठून बायकोच्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतःच विसळायला लागले. लेकीकडे पाठ करून. आता कुणी काही बोललं असतं तरी त्यांना कळणार नव्हतं, आणि ते त्यांनी आपणहून पत्करलं होतं.

दुसऱ्या तपासणीला तिघं गेली. लेकीनं वाटेत विषय काढला नाही. कान तपासणारी तीच. तिनं बाबांना ओळखलं, ठणठणीत आजोबा परत आले म्हणाली आणि यंत्रापाशी बसायला निघाली. बाबा काचेच्या खोलीत गेले. खुर्चीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि उलटी मांडली. तिची पाठ काचेला, तोंड भिंतीला.

तपासणारी दारात आली. म्हणाली, अहो, मला तुमचा चेहरा दिसायला हवा. बाबांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि नकाराची मान हलवली.

“माझा नाही दिसला तरी चालेल. तुमचा मला दिसायला नको.” आवाज तोच, बाहेरच्या बाकापर्यंत पोचणारा, पण मधूनच चिरकत होता. “मागच्या खेपेला मी तुमच्या खांद्याकडे बघून बटण दाबत होतो, बाई. मला ऐकू येत नाही.”

आई बाकावरून उठली होती. लेक दारापर्यंत आली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. आज पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“आणि चिमणे,” ते म्हणाले, “तू मोठी झाल्यावर तुझा आवाज कसा झालाय, ते मला माहीत नाही.”