गेला का थेंब?

वेल्कोला नुसत्या डोळ्याचा कंटाळा आला नव्हता. प्लोव्हदिव शहराची बस, दवाखान्यातला बाक, हनुवटी टेकवायचं ते गार यंत्र, सगळ्याचाच वीट आला होता. शेजारी बायको झ्लात्का मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. तशी धरली की हात कमी थरथरत.

डॉक्टर इस्क्रा नातीच्या वयाची, पण फटकळ. "आजोबा, डोळ्यातला दाब एकतीस, हवा वीसच्या आत! काचबिंदूनं उजवी नजर अर्धी खाल्लीय, ती काही परत येत नाही. खरं सांगा, थेंब रोज जातात ना डोळ्यात?"

"जातात की. दोन्ही वेळा. हीच घालते."

"मग कठीण आहे. थेंब जाऊनही दाब एवढा, म्हणजे मोठं ऑपरेशन. टाके, महिनोन्महिने खेपा, आणि आहे ती नजरही जायची भीती. जात नसते तर छोट्यानं भागलं असतं. तांदळाच्या कणीहून बारीक नळी आत बसवायची, की संध्याकाळी घरी."

दोन वर्षं झ्लात्काचा हात कापत होता. ती खुर्चीमागे उभी राही, बाटली हले, थेंब कधी भुवईवर पडे, कधी गालावर, एकदा तर थेट कानात. "गेला का?" ती विचारी. "गेला," हा म्हणे. विणकाम तिचं कधीच सुटलं होतं, मिरच्या भाजून सोलणं सुनेनं काढून घेतलं होतं. बाईच्या हाती हे एवढंच काम उरलं होतं. ते हिसकावण्यापेक्षा डोळा गेला तरी चालेल, असं या शहाण्यानं ठरवून टाकलं होतं. आता डोळा खरंच जायला निघाला, तरी जीभ रेटेना.

"जातात," तो पुन्हा म्हणाला. "मोठंच करा."

"एक थेंब जात नाही, डॉक्टर," झ्लात्का म्हणाली. "गाल मीच पुसते ना याचा! गेला म्हणतो, खोटारडा मेला."

"तुला ठाऊक होतं? अगं, मग बोलली का नाहीस?" वेल्को भडकला.

"बोलले असते तर सुनेनं घातले असते." तिनं पिशवी आणखी घट्ट धरली. "तुझा डोळा जात होता, वेल्को, आणि मला ते सोडवेना."

इस्क्रानं मोठ्या ऑपरेशनचा लिहायला घेतलेला कागद फाडला आणि दुसऱ्यावर छोटं ऑपरेशन लिहिलं. "नळी बसली की महिन्याभरानं थेंब बहुतेक लागणारच नाहीत, आजी."

"बरं झालं," झ्लात्का म्हणाली, आणि रडायला लागली.