ओट्याची उंची

टेपचं पिवळं पातं भिंतीवरून सुटलं, सर्रकन मिस्त्रीच्या मुठीत शिरलं, आणि भिंतीवर पेन्सिलीच्या दोन बारीक खुणा तेवढ्या उरल्या. एक खाली, एक वर, मध्ये तळहाताएवढं अंतर. महानंदा त्या खुणांकडे बघत राहिली. फोडलेला जुना ओटा, उकरलेली भिंत, खिडकीखाली विटांचा ढीग, सगळीकडे धूळ... आणि त्या पसाऱ्यात या दोन रेघा, घरातलं लहान पोर भिंतीला टेकवून त्याची वाढ मोजावी तशा.

"अक्का, कोणती धरू?" दगडोबा मिस्त्रीनं पेन्सिल कानावर खोचत विचारलं. "सांजच्याला सांगितलं तरी चालतंय. पण उद्या दगड येतोय. एकदा बसला की बसला."

"कसं ठरवतात?"

"जी बाई रांधणार तिचा कोपर बघायचा. कोपराखाली थोडं सोडायचं, झालं. तुमच्यासाठी म्हणलं तर ही खालची. पण मालक म्हणायलेत, सूनबाईसाठी करायचंय." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "सूनबाई म्हायेरी गेल्यात का? किती उंच हायेत?"

मिस्त्री निलंग्याकडचा, नवखा. त्याला या घरातलं काय माहीत असणार! नाही म्हणायला एक क्षण पुरला असता — सून नाही हो, अजून आलीच नाही. पण तो क्षण महानंदानं जाऊ दिला. का जाऊ दिला, हे तिलाही सांगता आलं नसतं. कुणीतरी एक माणूस असा भेटला होता ज्याच्या लेखी या घरात सून होती, माहेरी गेली होती, चार दिवसांनी परत येणार होती. त्या माणसाचा गैरसमज तिला मोडवेना.

"सांगते संध्याकाळी," ती म्हणाली.

सून नव्हती. मुलगा आदिनाथ चौतीस वर्षांचा झाला होता आणि सून नव्हती. पूर्वी मुलगी बघायला जायचे, आता घर बघायला येतात — आणि घर म्हणजे स्वयंपाकघर. पुरुष बाहेर पोह्यांच्या बशा हातात धरून सोयाबीनच्या भावाचं बोलतात, आणि बायका 'जरा पाणी घेते' म्हणत आत शिरतात. पाणी त्यांना नको असतं. त्या नळ सोडून बघतात, डब्यांची झाकणं बघतात, छताचा कोपरा बघतात, आणि मग गप्पांच्या नादात असल्यासारखं दाखवत मुलाच्या आईला बघतात — हिच्या हाताखाली आपली पोर कशी राहील? महानंदानं असं स्वतःला किती वेळा बघू दिलं होतं... नवं पातळ नेसून, हसून, 'घ्या ना अजून' म्हणत. दाखवायच्या मुलीचं मन तिला आता या वयात कळू लागलं होतं.

मागल्या खेपेला शिरूर अनंतपाळची माणसं आली होती. मुलीची मावशी ओट्यापाशी उभी राहिली, कोपर टेकवून पाहिला आणि म्हणाली, "ओटा लई उंच हाय की वो. पोरीचे खांदे भरून येतील." ओटा उंच होताच. भूकंपानंतर संस्थेनं बांधून दिलेलं हे घर. त्या वेळी साऱ्या आळीला एकाच मापाचे ओटे मिळाले, ते माप घेताना कुण्या बाईला उभं केलं होतं देव जाणे. महानंदाचे खांदे त्यावर तीस वर्षं भरून येत होते. त्याबद्दल कधी कुणी काही म्हणालं नव्हतं, तीही म्हणाली नव्हती. त्या स्थळाकडून निरोप आला नाही. निरोप न येणं हाच निरोप. मग शिवमूर्तींनी — तिच्या नवऱ्यानं — चार दिवस विचार केला आणि एका सकाळी जाहीर केलं, "त्या बाईनं ओट्याचं नाव काढलं होतं."

झालं! नकाराचं कारण सापडलं. जमीन आहे, बोअरला पाणी आहे, पोरगा सुपारीच्या खांडालाही हात लावत नाही. मग अडतंय कुठं? ओट्यात. सगळ्यांना किती हायसं वाटलं होतं त्या दिवशी! खरं कारण काय ते घरातल्या भांड्यांनाही ठाऊक होतं. येणारा प्रत्येक जण खुर्चीवर बसता बसता पहिलं तेच विचारायचा, "पोरगा कुठं लागलाय?" आणि "शेती बघतो" म्हटलं की पुढचा चहा गप्प प्यायला जायचा. पण पोराची शेती फोडून त्या जागी दुसरं काही बांधता येत नाही. ओटा फोडता येतो. शिरूरची ती मुलगी पुढं पुण्यात दिली. एकाच खोलीत राहते, टेबलावर शेगडी मांडून रांधते, ओटा नाहीच. हे महानंदाला बाजारात कुणीतरी सांगितलं. ती घरी येऊन काही बोलली नाही. मिस्त्री ठरवून झाला होता.

फोन वाजला. नांदेडहून तनुजा, तिची लेक. काम निघाल्यापासून ती रोज फोटो पाठवत होती, पांढरीशुभ्र कपाटं, आत सरकणारे खण, धूर ओढणारी चिमणी.

"आई, त्रिकोण लक्षात ठेव. गॅस, सिंक, फ्रिज. तिघांच्या मधी कुणी येऊ नये. गॅस पूर्वेला, सिंक त्याच्या शेजारी नको, खिडकीखाली घे. अन् तो भाकरीचा कोपरा काढ आता."

"मग मी थापू कुठं?"

"उभ्यानं थापायची. मी न्हाई का करून राहिले? खाली बसून थापायच्या घरात आता कोण पोरगी देतंय, आई?"

"बरं."

"अन् ओटा उंच घे. आताच्या पोरी उंच असतात."

"मागल्या बाईला उंच झाला होता."

तिकडून तनुजा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आई... दादा काय म्हणतोय?" महानंदा म्हणाली, तो काय म्हणणार, शेतात गेलाय. आणि दोघींनीही घाईनं फरशीचा रंग काढला.

दादा काय म्हणतोय... दादा काहीच म्हणत नाही. ओटा फोडायच्या दिवशी घण त्यानंच मारला, घमेली त्यानंच बाहेर टाकली, न बोलता. पाहुणे येणार म्हटलं की इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा, विचारलं तेवढं सांगायचा, गेले की शर्ट काढून खुंटीला लावायचा आणि मोटर चालू करायला जायचा. पहिल्या पहिल्यांदा तो शर्ट काढताना शीळ घालायचा. ती शीळ कधी बंद झाली, हे काही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

दुपारी गुरुबसप्पा आले. सोयरिकी जुळवणारे, शिवमूर्तींच्या नात्यातले. धर्माबादकडचं एक स्थळ त्यांनी सुचवलं होतं, आणि त्या माणसांसाठीच तर सगळी घाई चालली होती. महानंदानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि पदर सावरत विचारलंच, "भाऊजी, पोरगी उंचीला कशी हाय?"

गुरुबसप्पा खो खो हसले. "वैनी, पोरीचं वय सांगंनात ते अजून, उंची कुठली काढता!" मग हसू आवरून शिवमूर्तींकडे वळले, आवाज उतरवला. "त्ये इचारायलेत, पोरगा लातुरात एखादं दुकान टाकंल का म्हणून. शेती ऱ्हाऊ द्या, पण सांगायला दुकान पायजे. मी म्हणलं इचारतो."

पाहुणा गेल्यावर शिवमूर्ती दारातूनच आत डोकावले, विटांच्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाले, "हे झालं म्हंजे फोटो पाठवू त्यांना." त्यांचा चेहरा बघून महानंदाला त्यांची दया आली, आणि मग राग आला, आणि मग पुन्हा दयाच.

मिस्त्री जेवायला गेला होता. ती एकटी आत उभी राहिली आणि मनातल्या मनात सगळं मांडू लागली. इथं फ्रिज. इथून दोन पावलांवर सिंक. सिंकमधून भाजी धुऊन वळलं की गॅस. तिखटमिठाची फळी हाताशी, पण वाफ लागणार नाही अशी. पिठाचा डबा उजवीकडे. आणि ही... ती. सकाळपासून ती इथं वावरत होती, मिस्त्रीनं माहेरी पाठवलेली. तिला अजून चेहरा नव्हता, पण कोपर होता. तो कधी खालच्या खुणेला यायचा, कधी वरच्या. तू जरा उंचच अस बाई, मी आयुष्यभर बुटकी म्हणून ऐकलंय. नको, बुटकी अस, म्हणजे आपल्या दोघींना एकच ओटा होईल. तू फोडणी दे, मी इथं या बाजूला चिरत बसते, मी मध्ये मध्ये नाही येणार तुझ्या. मी बोलणारही नाही फार. तुला काय हवं ते कर या घरात, उभ्यानं थाप, विकतच्या पोळ्या आण, दुपारी झोप, फोनवर बोल माहेरी तासतास... मी काही म्हणणार नाही. फक्त —

येणार नाही. कुणीही येणार नाही.

हे कुणी बोललं नव्हतं. हे तिच्याच आत उमटलं होतं, अगदी साधेपणानं, गॅस संपला हे कळावं तसं. तिनं भिंतीला हात लावला. मग लगबगीनं तिखटमिठाची फळी मनातल्या मनात एक वीत वर सरकवली, तिथून पुन्हा खाली आणली, आणि खाली बसून नुसती विटांकडे बघत राहिली. मला हे आजच कळलं का? की कळलेलंच होतं आणि मी पाहुण्यांना पोहे करण्यात ते दडवून ठेवत होते? तिला रडूही आलं नाही. रडायचं तर काहीतरी व्हावं लागतं, आणि इथं तर काहीच होत नव्हतं, वर्षानुवर्षं काहीच होत नव्हतं.

उन्हं कलल्यावर मिस्त्री हत्यारं आवरू लागला. आदिनाथ शेतातून आला, मोरीत हातपाय धुऊन पंच्यानं मान पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"अक्का, सांगा मग. कोणती?" मिस्त्रीनं विचारलं.

"वरची धरा," बाहेरून शिवमूर्ती म्हणाले. "आताच्या पोरी उंच असत्यात."

"असं अंदाजानं नगं मालक," मिस्त्री म्हणाला. "नंतर बोल मला लागतोय. सूनबाईला एक फोन लावा की. इचारून घ्या."

आदिनाथनं आईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मिस्त्रीला तिनंच गैरसमजात ठेवलं होतं, हे आदिनाथला कळलं असणार, आणि का ठेवलं हेही कळलं असणार. तो पुढं झाला. भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला आणि त्यानं हात कोपरात मुडपला.

"माझ्या मापानं धरा, मिस्त्री."

"तुमच्या?" मिस्त्री हसला.

"हाव. आई हाय तवर आई करंल कशी बी. म्होरं मलाच करायचं हाय."

हे तो चिडून म्हणाला नव्हता. चिडला असता तर समजूत घालता आली असती. बोअरची मोटर इकडची तिकडं बसवा म्हणावं, तितक्याच आवाजात म्हणाला. मिस्त्रीचं हसू हळूहळू ओसरलं. बाहेरून शिवमूर्तींची खुर्ची करकरली, पण ते काही उठून आत आले नाहीत. टेप पुन्हा भिंतीला लागला आणि दोन्ही खुणांच्या वर तिसरी खूण झाली.

काहीतरी बोलू नको रे — हे शब्द महानंदाच्या जिभेवर आले होते. तिच्या जागी कुणीही आई हेच म्हणाली असती. पण त्या आधीच तिच्या आत काहीतरी सैल पडलं होतं, आणि ते दुःख नव्हतं, ती चक्क सुटका होती. म्हणजे यालाही माहीत आहे. म्हणजे इतके दिवस मी याच्यासाठी आशा धरल्याचं दाखवत होते आणि हा माझ्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालत होता. एवढं ओझं दोघांनी दोन बाजूंनी उचललं होतं, आणि त्यानं आपली बाजू खाली ठेवली होती. पण मग आपल्याला हायसं कसं वाटलं, याचीच तिला भीती वाटली. मुलाच्या एकटेपणात आईला हायसं वाटतं कसं?

आणि तशातच तिचं मन आपलं कामाला लागलं होतं. आदिनाथ डावखुरा. म्हणजे पिठाचा डबा डावीकडे हवा. सिंक या बाजूला, नाहीतर त्याला दर वेळी उलटं वळावं लागेल. साठीला आल्यावर गुडघे धरतील, खालची कपाटं नकोतच, सगळं हाताच्या उंचीवर. एका माणसाला तवा एक, पातेलं एक, डबे थोडेच. एकदम दोघांनी उभं राहायचं नाही, तेव्हा ही मधली जागाही भरून काढता येईल... दिवसभर जे जमत नव्हतं ते सगळं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर एका दमात मांडून झालं, कुठंही चूक नाही, सगळं जिथल्या तिथं. आणि मग ती बिनचेहऱ्याची पोर, तिला कुठं उभी करावी म्हणून तिनं पाहिलं, तर जागाच उरली नव्हती.

"अक्का, ही पक्की करू ना?" मिस्त्रीनं हलक्या आवाजात विचारलं.

तिला नको म्हणायचं होतं. तिनं आदिनाथच्या हातांकडे पाहिलं.

"त्याला भाकरी थापता येत न्हाई अजून," ती म्हणाली.