मॉडेलवर बसलेली कॅप

माझा दादा दातांचा डॉक्टर आहे आणि मी त्याच्या क्लिनिकच्या मागच्या खोलीत कॅपा बनवते. वर आमचं घर, खाली क्लिनिक. पुढच्या खोलीत थंडगार हवा, माशांची काचपेटी आणि मंद संगीत. मागच्या खोलीत प्लास्टरची धूळ आणि मी. पेशंट जाताना दादाचे हात हातात घेऊन आभार मानतात. दात मागच्या खोलीत तयार होतात हे त्यांच्या गावीही नसतं. डॉक्टर ते खिशातून काढून देतो, अशीच त्यांची समजूत असावी.

किडलेली दाढ वाचवायची म्हणजे आतली नस काढायची, पोकळ जागेत मसाला भरून मधोमध एक बुटका खांब उभा करायचा आणि त्यावर दातासारखी दिसणारी टोपी चढवायची. खांबाला कोअर म्हणतात, टोपीला कॅप. कोअर दादाचा, कॅप माझी. कॅप सगळ्यांना दिसते, कोअर कुणालाच दिसत नाही. जे दिसत नाही ते काम दादा फार झपाट्याने उरकतो.

सुरुवातीला मी चिठ्ठ्या लिहायचे. ‘कोअरचा आतला कोपरा उंच आहे, कॅपला जागा उरत नाही, कृपया घासून पुन्हा माप पाठवावे.’ सख्ख्या भावाला ‘कृपया’! चिठ्ठी परत यायची आणि खाली त्याचं अक्षर असायचं, ‘ॲडजस्ट करून घे.’ पुढे तेवढं लिहायचाही त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने शिक्का करून घेतला. आता मापाबरोबर येणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर निळ्या शाईत उमटलेलं असतं, ‘ॲडजस्ट करून घे.’ कोअर चांगला असला तरीही.

ॲडजस्ट करणं सोपं आहे. मापावरून, म्हणजे दातांच्या ठशावरून, ओतलेलं प्लास्टरचं मॉडेल घ्यायचं, त्यावरचा उंच कोपरा घासून टाकायचा, घासलं तिथे लाल पेन्सिलीने खूण करायची आणि मग कॅप बनवायची. खूण अशासाठी, की डॉक्टरने तोंडातलाही तेवढाच कोपरा घासावा. अकरा वर्षांत दादाने एकदाही विचारलं नाही की ही लाल खूण कसली. मीही कधी सांगितलं नाही. मॉडेलवर कॅप अशी झकास बसायची की माझं मलाच कौतुक वाटायचं. मॉडेल हा फार समजूतदार पेशंट आहे.

खरा पेशंट तेवढा समजूतदार नसतो. कॅप उंच लागली की तो ‘आं आं’ करतो. मग दादा कॅप वरून थोडी घासतो, आतून थोडी घासतो, चिकटवून टाकतो आणि भिंतीपलीकडून मला त्याचा मधाळ आवाज ऐकू येतो, “दोन दिवस जड वाटेल. सवय होईल.”

आमच्या आईलाही त्याने असंच सांगितलं होतं, चार वर्षांपूर्वी. तिची खालची उजवी दाढ आम्ही दोघांनी मिळून केली. आल्यागेल्याला ती तोंड उघडून दाखवते, “कोअर लेकाचा, कॅप लेकीची! घरच्या घरी दाढ!” दादाने तर त्या दाढेचं मॉडेल पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलंय, आमच्या कामाचा उत्तम नमुना म्हणून.

तर गेल्या महिन्यात माझीच दाढ तुटली. तीच, खालची उजवी. कडक बिस्किटाच्या निमित्ताने. दादाने आरसा आत घातला आणि तोंड वाकडं केलं.

“एकच भिंत शिल्लक आहे. कोअर टाकून बघतो. पण कॅप कुठून उघडी राहिली आणि आत पाणी गेलं, तर मग काढायलाच लागेल. तिसरा उपाय नाही.”

डावीकडची माझी दाढ पाच वर्षांपूर्वीच काढलेली आहे. म्हणजे ही गेली तर मी, हजारो लोकांना चावायला दाढा देणारी बाई, उरलेलं आयुष्य पुढच्या दातांनी सशासारखी कुरतडत बसणार. मला रडू आलं. तोंड बधिर होतं, त्यामुळे तेही धड जमलं नाही.

कोअर झाला, माप झालं. आता माझं माप माझ्या टेबलावर येईल, ते वेगळं ठेवून, रविवारी सावकाश बसून मी जन्मातली सर्वोत्तम कॅप करीन, असं मी ठरवलं. आठवडा गेला तरी माप येईना.

“दादा, माझं माप कधी पाठवतोयस?”

“कधीच पाठवलं. सोमवारच्या सातांमध्ये होतं. कॅप करून दिलीस की तू.”

“त्यावर नाव नव्हतं!”

“नाव कधी असतं? नंबर असतो. नावांनी गोंधळ होतो, हे तुझंच म्हणणं.”

आता बोला. अकरा वर्षं लोकांचे दात बघतेय, आणि स्वतःची दाढ हातात आली तर ओळखली नाही. सोमवारच्या सातही दाढा मी दुपारी जेवायच्या आत उरकल्या होत्या, एवढं मात्र आठवत होतं.

मी खुर्चीत आडवी झाले. दादाने कॅप बसवून बघितली. तोंड मिटलं तर तीच तेवढी टेकली, बाकीचे सगळे दात अधांतरी. माझ्या तोंडून तोच आवाज निघाला, “आं आं.”

“अगं, मॉडेलवर तर झकास बसते. हे बघ!”

त्याने मॉडेल माझ्या नाकासमोर धरलं. आतल्या कोपऱ्यावर लाल पेन्सिलीची खूण होती. ठसठशीत, माझ्या हातची.

तो घासायचं यंत्र घेऊन कॅपवर वाकला. “वरून जरा कमी करतो. दोन दिवस जड वाटेल. सवय—”

मी त्याचं मनगट धरलं आणि कॅप बोटांनी उपसून काढली.

“कॅपला हात लावू नकोस. कोअर काढ.”

“वेडी आहेस का? एवढ्याशा दाढेत परत हात घालायचा? मॉडेलवर—”

“मॉडेल मी घासलंय.”

“कधी?”

“सोमवारी. आणि त्याआधी अकरा वर्षं. तुझा शिक्का बघून.”

दादा स्टुलावर बसला.

“सांगायचं नाही का?”

“लाल खूण करते ना दर वेळी.”

“ती तुझी सही आहे असं वाटायचं मला,” दादा म्हणाला. खरंच वाटत होतं त्याला. आमच्या घरात हुशारीची अशी वाटणी झालेली आहे.

मग त्याने जे केलं ते मी आजवर भिंतीपलीकडून कधी ऐकलं नव्हतं. मधाळ आवाज बंद, फोन बंद, संगीतसुद्धा बंद. त्याने कोअर उकरून काढला, माझी ती एकुलती एक भिंत जपत पुन्हा भरला, आणि घासताना दर मिनिटाला थांबून जागा मोजली. दीड तास लागला. माझा जबडा आखडला आणि त्याच्या कपाळाला घाम आला. नवीन मापासोबत आलेल्या चिठ्ठीवर माझं नाव होतं. शिक्का नव्हता. कॅप केली तेव्हा लाल पेन्सिल खणातून काढावीच लागली नाही. बसवताना ‘टक्’ असा बारीक आवाज आला. तो ऐकून आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो.

रविवारी दुपारी जेवताना मी उजव्या बाजूने चावत होते. हळूच, मग जोरात, मग मुद्दाम आवाज करत.

“बसली वाटतं तुझी?” आई म्हणाली.

“अशी बसली की विचारू नकोस.”

“बसणारच. घरची आहे.” आणि तिने घास डाव्या गालात सरकवला.

मी चावायची थांबले. दादाही बघत होता. आईने पुढचा घासही डावीकडेच नेला.

“आई, तू डावीकडूनच का खातेस?”

“उजवीकडची उंच लागते जरा.”

“कधीपासून?”

“बसवल्यापासून. का?”

“चार वर्षं? आणि आम्हाला बोलली नाहीस?” माझा आवाज चढला.

“त्यात काय बोलायचं? तुम्ही दोघांनी एवढी मेहनत करून बसवलेली.” आईने दादाकडे कौतुकाने पाहिलं. “आणि हा म्हणालाच होता, सवय होईल. होतेय हळूहळू.”

दादाने अर्धं ताट तसंच ठेवून हात धुतले, खुंटीवरची क्लिनिकची किल्ली घेतली आणि आईसमोर हात पुढे केला.